पडदा का अडला?

आमच्या घराच्या खिडकीला पडदा नाही. त्र्यंबकच्या पावसाळ्यात खिडकी तशीही चार महिने बंदच असते. मात्र गावातल्या निम्म्या लॉजचे आणि बऱ्याच बंगल्यांचे पडदे माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, शिवलेले आहेत. आप्पा चौथी शिकले. घरात कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिलीच. त्यामुळे घरात काही अडले की सगळे माझ्याकडे पाहतात. जणू इतिहास घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीला जगातले सगळेच यायला हवे! यंदाच्या श्रावणात असाच एक पडदा अडला आणि त्याच्याबरोबर आप्पांचे चार हजार दोनशे रुपयेही अडले. त्या पडद्याची ही हकिकत. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा पडदा असेल, तर थोडा उपयोगही होईल.

२०२७ च्या सिंहस्थाची चाहूल लागल्यापासून आमच्याकडे बांधकामांना जोर आला आहे. गावाबाहेर एका निवृत्त गृहस्थांनी ब्रह्मगिरीकडे तोंड करून बंगला बांधला. दिवाणखान्याच्या तीन खिडक्यांना त्यांना मोटारीवर चालणारे पडदे हवे होते. बटण दाबले की पडदा वर, पुन्हा दाबले की खाली. नळ्या आणि मोटारी नाशिकहून आल्या, बसवणारा माणूसही तिकडचाच. अस्तर लावलेले कापड तेवढे आप्पांनी शिवले. आषाढ सरला आणि मधला पडदा रुसला. वीतभर वर जाई, घुर्र आवाज करी आणि थांबे.

गृहस्थ म्हणाले, "मास्तर, तुम्ही अस्तर लावून कापड जड केलंत. मोटारीला ते झेपत नाही. पडदा चालेल तेव्हा बाकीचे पैसे घेऊन जा."

आप्पा काही बोलले नाहीत. रात्री मला म्हणाले, "पोरी, कापड खरंच जड झालं असेल का गं?" पैशांपेक्षा हा प्रश्न मला जास्त लागला. तीस वर्षे कात्री चालवणारा माणूस स्वतःच्याच हाताविषयी शंका घेत होता.

आत असते तरी काय?

गुंडाळीचा पडदा तसा जुनाच. अमेरिकेत स्टुअर्ट हार्टशॉर्न याने १८६४ साली स्प्रिंगवर गुंडाळल्या जाणाऱ्या पडद्याचे पेटंट घेतले. त्यात मोटार आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. फ्रान्समधल्या क्लूझ गावी १९६९ साली सुरू झालेली सोम्फी ही कंपनी अशा मोटारींसाठी जगभर ओळखली जाते.

रचना सोपी आहे. ॲल्युमिनियमची पोकळ नळी असते आणि तिच्या एका टोकात लांबट मोटार बसवलेली असते. मोटारीचे डोके भिंतीवरच्या पट्टीत पक्के अडकवलेले असते. ते फिरत नाही, भोवतीची नळी फिरते. नळीच्या दुसऱ्या टोकाला एक खिळीसारखा दांडा असतो, तो समोरच्या पट्टीतल्या भोकात टेकलेला असतो. पडदा कुठे थांबायचा ती वरची आणि खालची हद्द मोटारीत ठरवून दिलेली असते. शिवाय मोटार फार तापली तर आतले संरक्षक बटण वीज तोडते. घरच्या विजेवर चालणाऱ्या अशा बऱ्याच मोटारी सलग चारेक मिनिटांच्या कामासाठीच केलेल्या असतात. त्या तापून थांबल्या की निवेपर्यंत हलत नाहीत. रिमोटचा संदेश बहुधा रेडिओलहरींनी जातो, म्हणून रिमोट पडद्याकडे रोखून धरावा लागत नाही.

माझी पहिली चूक

एवढे समजून घेण्याआधीच मी बंगल्यावर जाऊन शहाणपणा केला होता. रिमोटचा सेल बदलला. काही झाले नाही. मग मोटारीच्या डोक्यावरचे बारीक बटण दिसले, ते दाबून धरले. पडदा जरा थरथरला आणि त्यानंतर रिमोटचे ऐकेनासाच झाला! ते बटण रिमोटची आणि मोटारीची ओळख घालून देण्याचे किंवा पुसण्याचे असते. ते कसे नि किती वेळ दाबायचे हे प्रत्येक मोटारीचे वेगळे असते. माहितीपत्रक शोधून ती ओळख पुन्हा जुळवण्यात दुपार गेली. आप्पा दाराशी उभे होते. त्यांच्याकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही.

त्या दुपारी एक गोष्ट शिकले. आधी विचारावे, मग पाहावे आणि हात सगळ्यांत शेवटी लावावा.

कापडाचे वजन

दुसऱ्या दिवशी आधी हिशेब केला. विहिरीवरचा रहाट आठवा. पोहरा जितका जड आणि रहाटाचा लाट जितका जाड, तितका जोर जास्त लागतो. पडद्याचेही तेच. लोंबणारे वजन आणि नळीची त्रिज्या यांचा गुणाकार म्हणजे मोटारीला लागणारा पीळ.

आप्पांकडे त्याच कापडाचा अस्तरासह उरलेला तुकडा होता. तो किराणा दुकानातल्या काट्यावर तोलला. चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम भरले. पडद्याला सुमारे चार चौरस मीटर कापड लागले होते, म्हणजे १.८ किलो. खालची पट्टी अर्धा किलो. एकूण २.३ किलो. त्याला गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ ने गुणले की सुमारे २२.५ न्यूटन होतात. नळीची जाडी ३८ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या ०.०१९ मीटर. गुणाकार आला सुमारे ०.४३ न्यूटन-मीटर. मोटारीवर छापलेला आकडा १.१ होता.

घर्षणासाठी दीडपट धरले तरी ०.६५ च्या आतच. कापड जड नव्हते. पडदा वर जाताना गुंडाळी जाड होते खरी, पण लोंबणारे कापडही कमी होत जाते. मी तो कागद आप्पांना वाचून दाखवला. त्यांनी तो घडी करून टेपच्या डबीत ठेवला.

मग अडले कुठे?

या वेळी मी काकूंना नुसते प्रश्न विचारले. पडदा कधी चालतो? "सकाळी पहिल्यांदा दाबलं की थोडा चालतो. मग आम्ही दाबत राहतो, तर अगदीच मरतो. दुपारी पुन्हा थोडा चालतो." आवाज कसा येतो? "आधी घासल्यासारखा, मग घुर्र."

या उत्तरांत सगळे आले होते. सकाळी चालतो, म्हणजे वीज, सेल आणि रिमोट ठीक आहेत. दाबत राहिल्यावर मरतो आणि विसाव्यानंतर जिवंत होतो, म्हणजे मोटार तापून स्वतःला वाचवते आहे. आणि घासल्यासारखा आवाज येतो, म्हणजे काहीतरी अडते आहे.

मेन स्विच बंद करून आम्ही लाकडी स्टुलावर चढलो. आप्पांनी नळीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "उजवीकडं उतार आहे." गवंड्याची पाणसळ लावली, तर खरेच! उजव्या पट्टीमागची प्लॅस्टिकची गिट्टी ओल्या प्लास्टरमध्ये सैल होऊन पट्टी वाकली होती. नळी तिरपी झाल्याने कापड सरकत जाऊन पट्टीवर घासत होते. कडेचे धागेही सुटले होते. कडा दुमडली तर तिथे जाडी वाढून गुंडाळी वाकडी होते, म्हणून आप्पांनी कडांना नुसते ओव्हरलॉक मारले होते. तेवढी काळजी घेऊनही आळ त्यांच्यावरच आला होता.

वायरमनला बोलावून पट्टी दोन इंच बाजूला, खिडकीवरच्या काँक्रीटमध्ये लांब स्क्रूने बसवून घेतली. पाणसळीचा बुडबुडा मध्ये आला. तासभर थांबून बटण दाबले. पडदा सरळ वर गेला, आणि ब्रह्मगिरीवरचे ढग समोर आले.

वाचकांसाठी थोडक्यात

पडदा मुळीच हलत नसेल तर क्रमाने पाहावे : वीज आहे का, त्या खोलीचे एमसीबी बटण पडले आहे का, रिमोटचा सेल संपला आहे का. मोटार चार्जिंगची असेल तर ती आधी पूर्ण चार्ज करावी. भिंतीवरच्या बटणाने चालतो आणि रिमोटने नाही, तर दोष रिमोटकडे.

थोडा चालून थांबत असेल तर अर्धा-पाऊण तास हात लावू नये. विश्रांतीनंतर चालला तर मोटार तापते आहे. ती का तापते ते शोधावे. दरवेळी नेमक्या एकाच जागी थांबत असेल आणि घासण्याचा आवाज नसेल, तर हद्द चुकीची ठरली आहे.

कापड एका बाजूला सरकत असेल तर आधी पाणसळ लावावी. नळी समतल असूनही सरकत असेल, तर पडदा पूर्ण खाली सोडून, ज्या बाजूला सरकतो तिच्या विरुद्ध टोकाला नळीवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा. तिथे नळी किंचित जाड होते आणि कापड परत ओढले जाते.

मेन बंद केल्याशिवाय नळीला हात लावू नये आणि वायरी वायरमनलाच उघडू द्याव्यात. वर जाण्याच्या आणि खाली येण्याच्या वायरींत एकाच वेळी वीज गेली तर मोटार जळू शकते.

असो. गृहस्थांनी त्याच दिवशी पैसे दिले. "चुकलं" असे ते म्हणाले नाहीत, पण चहा दिला आणि वरच्या खोलीचे माप घ्यायला आप्पांना बोलावले. येताना कुशावर्तापाशी आप्पा थांबले. मला वाटले, शाबासकी देतील. ते म्हणाले, "तू आकडे मांडलेस ते बरं केलंस. पण उतार मला बोटाला कळला होता. मीच पहिल्या दिवशी वर चढायला पाहिजे होतं. जड म्हणाले आणि मी खाली मान घातली."

मी त्यावर काही बोलले नाही. हिशेबाचा कागद अजून त्यांच्या टेपच्या डबीत आहे. वरच्या खोलीचे माप घ्यायला गेले तेव्हा गृहस्थांनी काही विचारायच्या आधीच त्यांनी तो उघडून समोर ठेवला, असे काकूंनी मला सांगितले.