घड्याळ एक, सूर्य गावोगावचा

संकष्टीला दिनदर्शिका उघडली की आपण आधी आपल्या गावचा चंद्रोदय बघतो. नागपूरची वेळ बघून पुण्यात कुणी उपास सोडत नाही. मैत्रिणींनो, नमाजच्या वेळांचंही अगदी तसंच आहे.

दिवसातून पाच नमाज. पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत फजर, दुपारी सूर्य डोक्यावरून कलला की जोहर, सावली लांबली की असर, सूर्यास्त होताच मगरिब आणि संधिप्रकाश संपला की इशा. म्हणजे या वेळा ठरतात त्या घड्याळावर नव्हे, सूर्यावर.

आता आपली घड्याळं देशभर एकच वेळ दाखवतात. ही प्रमाणवेळ 1906 मध्ये आली. ती ठरते 82.5 अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे अलाहाबाद-मिर्झापूरच्या बाजूला. पुणे तिथून बरंच पश्चिमेला. एका अंशाला सूर्याला चार मिनिटं लागतात, म्हणून पुण्यात तो साधारण 35 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. पुण्याची खरी मध्यान्ह वर्षभरात 12.18 ते 12.49 या दरम्यान मागेपुढे होत असते. घड्याळात बारा वाजले म्हणून जोहरची वेळ झाली असं होत नाही, ते यामुळेच.

नागपुरात हीच मध्यान्ह पुण्याच्या 21 मिनिटं आधी होते. सूर्यास्ताचा फरक मात्र ऋतूप्रमाणे बदलतो. जूनमध्ये तो साधारण 16 मिनिटं, तर डिसेंबरमध्ये 26 मिनिटं असतो. समजा, लग्न होऊन नागपूरहून पुण्यात आलेल्या मुलीने माहेरच्या तक्त्यावरून रोजा सोडला, तर बाहेर सूर्य अजून मावळायचाच असेल! दिवसभराची तहान-भूक सोसलेली, आणि रोजा मात्र वेळेआधी सुटलेला.

असरची गंमत आणखी वेगळी. काठी उभी करा. भर दुपारची तिची सावली वजा करून उरलेली सावली काठीएवढी झाली की शाफई पंथाची असर सुरू होते, दुप्पट झाली की हनफींची. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, तर देशावरचे बहुतेक हनफी. त्यामुळे पुण्यात एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन घरांच्या असरमध्ये पाऊण ते सव्वा तासाचं अंतर पडू शकतं. कुणाचंच चुकलेलं नसतं! दुपारची सावली वजा का करायची? तर मेच्या मध्याला पुण्यात भर दुपारी काठीची सावली दिसेनाशी होते आणि डिसेंबरात ती जवळजवळ काठीएवढीच असते.

घरी नमाज पढणाऱ्या बाईने आणखी एक लक्षात ठेवावं. मशिदीच्या फलकावरची वेळ बहुधा जमातची, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढण्याची असते. नमाजची वेळ हा क्षण नाही, तो अवधी आहे. पोळ्या उरकून, बाळाला निजवूनही जोहर वेळेतच होते. मगरिबचा अवधी मात्र लहान, ती लांबणीवर टाकू नये.

आता मोबाईलवर वेळा दिसतात. पण त्यात आधी आपलं शहर आणि असरसाठी आपला पंथ निवडलाय ना, हे बघा. गाव बदललं की तेही बदला. तक्ता भिंतीवर लावायचा तर आपल्याच गावचा लावा. सूर्य काही माहेरची वेळ पाळत नाही!