विमानात कॅमेरा नेताय? आधी बॅटरीवरचा आकडा वाचा

पहिला चांगला कॅमेरा आपल्यापैकी बरेच जण हप्त्यांवर घेतात. मग विमानाची पहिली ट्रिप ठरते आणि प्रश्न पडतो, हे सगळं न्यायचं कसं? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन फिरतो. माझं उत्तर सोपं आहे: कॅमेरा, लेन्स आणि बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकायच्याच नाहीत. पण का, हे नीट समजून घेऊ.

बॅटरीचं गणित

लिथियम-आयन बॅटरी शॉर्ट झाली किंवा चेपली गेली, तर एक सेल तापतो, तो शेजारच्याला तापवतो आणि ही साखळी चालूच राहते. याला थर्मल रनअवे म्हणतात. विमानाच्या सामानकक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबू शकतो, पण ही साखळी थांबवू शकत नाही. त्यासाठी पाणी ओतून बॅटरी थंड करावी लागते, आणि ते फक्त केबिनमध्ये शक्य आहे. म्हणून सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्यायच्या, हा नियम जगभर आहे.

मर्यादा वॉट-अवरमध्ये असते. सूत्र सोपं आहे: एमएएच भागिले १०००, गुणिले व्होल्ट.

- सोनीची एनपी-एफझेड१०० बॅटरी: २.२८ × ७.२ = साधारण १६.४ वॉट-अवर
- २०,००० एमएएच पॉवर बँक: २० × ३.७ = ७४ वॉट-अवर
- ३०,००० एमएएच पॉवर बँक: ३० × ३.७ = १११ वॉट-अवर

१०० पर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० साठी एअरलाइनची आधी परवानगी हवी आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. म्हणजे शेवटची पॉवर बँक न विचारता नेली, तर ती सिक्युरिटीला सोडून यावी लागू शकते. बॅटरीवरचा आकडा पुसला गेला असेल तरी तेच.

सुट्या बॅटऱ्यांना प्लॅस्टिकची टोपी लावा किंवा टोकांवर चिकटपट्टी लावा. किल्ली नाहीतर नाणं लागून शॉर्ट होऊ शकतं. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात एअर बुसानच्या विमानाला उड्डाणाआधी आग लागली, ती डोक्यावरच्या कप्प्यातून. तपासात पॉवर बँकेवर संशय आला. १७६ जण बाहेर पडले, विमान जळालं. म्हणून पॉवर बँक वर नाही, हाताशी ठेवा.

पैशांचं गणित

देशांतर्गत प्रवासात चेक-इन बॅग हरवली, तर एअरलाइनची जबाबदारी जास्तीत जास्त २०,००० रुपये. त्यातही कॅमेऱ्यासारख्या महागड्या, नाजूक वस्तूंची जबाबदारी एअरलाइन्स बहुतेक वेळा अटींमध्येच नाकारतात. कॅमेरा गेला तरी हप्ते चालूच राहतात! म्हणून महागडी किट असेल तर वेगळा विमा काढा आणि विमानप्रवास त्यात धरलाय का, ते वाचून घ्या.

सात किलोत बसवायचं कसं?

इकॉनॉमीत केबिन बॅगेची मर्यादा साधारण ७ किलो. सोनी ए७ फोर बॉडी ६५८ ग्रॅम, २४-७० जीएम टू ६९५ ग्रॅम आणि ७०-२०० जीएम टू १०४५ ग्रॅम. झाले जवळपास २.४ किलो. रिकामी कॅमेरा बॅग, लॅपटॉप आणि चार्जर धरले की काटा ७ कडे सरकतो. मी ट्रायपॉड, कपडे आणि चार्जर चेक-इनमध्ये देतो. चार्जरमध्ये बॅटरी नसते, त्यामुळे अडचण नाही.

खरी परीक्षा गेटवर

लहान शहरांना जाणाऱ्या एटीआर विमानात वरचे कप्पे छोटे असतात. मोठ्या विमानातही ते भरले की कर्मचारी म्हणतात, "बॅग खाली द्या." अशा वेळी वाद घालू नका. बॅगेत एक छोटी कापडी पिशवी आधीच ठेवा. बॅटऱ्या, पॉवर बँक, मेमरी कार्ड, कॅमेरा आणि लेन्स तिच्यात काढा, मग रिकामी बॅग द्या. "यात लिथियम बॅटऱ्या आहेत" असं शांतपणे सांगितलं की काढायला वेळ मिळतो.

परदेशात जाताना

निघण्याआधी विमानतळावरच्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. त्यासाठी कॅमेरा सोबत हवा, म्हणून चेक-इनच्या वेळेत थोडी भर धरा. परत येताना "हा तिकडून आणलाय का?" या प्रश्नाला तेच उत्तर.

आणि आज एक काम करून टाका. बॉडी, लेन्स यांचे सिरियल नंबर आणि बिल यांचे फोटो फोनमध्ये काढून क्लाउडवर ठेवा. विमा असो, कस्टम्स असो की पोलीस तक्रार, सगळीकडे आधी तोच नंबर विचारतात.