चिपट्यून

चिपट्यून म्हणजे जुन्या घरगुती संगणकांच्या किंवा व्हिडिओ गेम यंत्रांच्या ध्वनियंत्रणेवर रचलेले संगीत होय. हा प्रकार १९८० च्या दशकात रूढ झाला.

१९८२ सालच्या कमोडोर ६४ संगणकातील 'सिड' या ध्वनिचिपमध्ये तीन स्वतंत्र आवाज होते. त्याच वर्षीच्या झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये वेगळी ध्वनिचिप नव्हती. मुख्य प्रोसेसरच लहानसा स्पीकर चालू-बंद करून स्वर निर्माण करी. या संगणकाची 'स्पेक्ट्रम प्लस' ही आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात आणली.

रचनापद्धती

स्पेक्ट्रमवरील बेसिक भाषेच्या 'बीप' या आज्ञेत स्वराचा कालावधी सेकंदांत व उंची अर्धस्वरांत देतात. शून्य हा षड्ज मानल्यास ०, २, ४, ५, ७, ९, ११, १२ या अंकांनी बिलावल थाटाचे सप्तक मिळते. उंची अपूर्णांकातही देता येत असल्याने सूक्ष्म श्रुतिभेद दाखवता येतात. अखंड सरकणारी मींड मात्र साधत नाही. आज्ञेगणिक एकच स्वर वाजत असल्यामुळे अनेक स्वर अतिवेगाने एकामागून एक वाजवून स्वरसंघाचा भास निर्माण केला जातो. मर्यादेवरील हाच उपाय पुढे चिपट्यूनच्या शैलीची ओळख ठरला.