सहा अक्षरं, दहा खुणा

अहमदनगर हे नाव टाइप करायला सोपं होतं. अ, ह, म, द, न, ग, र. सात अक्षरं, सगळी सुटी. एकालाही काना नाही, वेलांटी नाही, कुठं जोडाक्षर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंचं नाव जिल्ह्याला लागलं आणि त्यासोबत एक वेलांटी, एक काना आणि एक जोडाक्षरही आलं.

हातानं लिहिताना यात काहीच अवघड नाही. पण पडद्यावरच्या ज्या चौकटीत आपण टाइप करतो, तिच्यामागे राबणाऱ्या यंत्रणेची परीक्षा या नावापासून सुरू होते. वाचणाऱ्याला अहिल्यानगर ही सहा अक्षरं दिसतात: अ, हि, ल्या, न, ग, र. संगणकाच्या पोटात त्याच नावाच्या दहा खुणा असतात: अ, ह, वेलांटी, ल, हलन्त (पाय मोडण्याची खूण), य, काना, न, ग, र. आज सगळीकडे रुळलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी खुणेला ३ बाइट लागतात, म्हणजे साठवणीत हे नाव ३० बाइटचं. सहा, दहा आणि तीस हे तिन्ही आकडे खरे आहेत. कोणत्या कामाला कोणता आकडा धरायचा हे ज्याला बरोबर कळतं, तोच एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम, मराठीला चालतो.

चौकटीमागचं यंत्र

ईमेल लिहायची जागा, ऑनलाइन अर्जातला रकाना, प्रोग्रामरचा कोड लिहायचा पडदा, या सगळ्यांच्या मागे मजकूर सांभाळणारा एक तयार भाग असतो. त्याला कॉम्पोनंट म्हणतात. गाडी बनवणारा कारखाना टायर बाहेरून घेतो, तसे सॉफ्टवेअर बनवणारे हा भाग तयार घेतात आणि आपल्या प्रोग्राममध्ये बसवतात. एकच कॉम्पोनंट विंडोजवर, लिनक्सवर आणि मॅकवर सारखाच चालावा, ही यातली सगळ्यात अवघड अट.

या जातीचं फार शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे सिंटिला. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ठिणगी. ऑस्ट्रेलियातल्या नील हॉजसन यांनी ते १९९९ मध्ये लोकांसमोर आणलं आणि कोणालाही वापरता येईल असं खुलं ठेवलं. २००३ मध्ये आलेलं नोटपॅड प्लस प्लस, लिनक्सवर लोकप्रिय असलेलं जीनी, हे एडिटर याच कॉम्पोनंटवर उभे आहेत. बाहेरून त्यांचं रूप वेगवेगळं. टाइप केलेला मजकूर सांभाळणारं आतलं यंत्र एकच.

त्याची रचना पाहिली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. मजकूर साठवणारा गाभा कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमला ओळखत नाही. अक्षर पडद्यावर काढायचं, त्याची रुंदी मोजायची, खिडकी उघडायची, ही कामं तो एका पातळ थराकडे सोपवतो. प्रत्येक सिस्टिमसाठी हा थर वेगळा लिहिलेला असतो. विंडोजवर तो डायरेक्टराइट वापरतो, लिनक्सवर पँगो, मॅकवर कोअर टेक्स्ट. नवी सिस्टिम आली तर नवा थर लिहायचा. गाभ्याला हात लावायचा नाही.

गाभ्यातली साठवणही बघण्यासारखी आहे. जुन्या छापखान्यातला जुळारी आठवा. नगरचं आणि छापील मराठीचं नातं जुनं आहे. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं. जुळाऱ्यानं शिशाचे खिळे लावून ओळ पुरी केली आणि मग मध्येच एक शब्द घालायचा निघाला, तर पुढचे सगळे खिळे सरकवावे लागत. संगणकालाही हेच करावं लागलं असतं, तर लाखभर अक्षरांच्या फाइलमध्ये सुरुवातीला एक अक्षर टाकताना प्रत्येक वेळी लाखभर अक्षरं हलवावी लागली असती. म्हणून सिंटिला मजकुराच्या मध्ये एक मोकळी जागा राखून ठेवतं. तिला गॅप बफर म्हणतात. आपण जिथं टाइप करतो तिथं ती जागा येऊन थांबते. नवं अक्षर थेट तिच्यात पडतं, बाकीचा मजकूर जागचा हलत नाही. आपण दुसरीकडे लिहायला लागलो की मोकळी जागाही तिकडे सरकते.

ओळींचा हिशोबही असाच काटकसरीनं ठेवलेला आहे. कोणती ओळ कितव्या बाइटपासून सुरू होते याची यादी जवळ असते. वर एक खूण वाढली की खालच्या सगळ्या ओळींचे आकडे तीनानं चुकतात. ते एकेक करून दुरुस्त करण्याऐवजी कॉम्पोनंट एवढंच टिपून ठेवतं की ‘इथून पुढे तीन मिळवा’, आणि गरज पडेल तेव्हाच ती बेरीज पुढे नेतं. टाइप करणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. बोट उठायच्या आत अक्षर उमटतं, एवढंच त्याला कळतं.

नाव बदलताना

नाव बदललं तेव्हा माझ्याकडे एका संस्थेच्या जुन्या अहवालांचा गठ्ठा होता आणि त्यातलं जिल्ह्याचं नाव बदलायचं होतं. शेवटचं ‘नगर’ दोन्हीकडे तेच, म्हणून मी ‘अहमद’ शोधून तिथं ‘अहिल्या’ घालायचं ठरवलं. अहमदनगरला, अहमदनगरहून, अहमदनगरच्या, सगळी रूपं एका फटक्यात बदलली. मग एका पानावर ‘अहिल्याा’ दिसलं आणि त्यापुढे ‘बाद’. तिथं मूळ शब्द अहमदाबाद होता. त्यातल्या ‘द’चा काना माझ्या ‘अहिल्या’च्या कान्यावर जाऊन बसला होता. दुसऱ्या पानावर अहमद नावाच्या एका सभासदाचंच नाव बदललं होतं. सगळं मागे घेऊन मी पुन्हा पूर्ण ‘अहमदनगर’ शोधत गेलो.

चूक माझी होती, पण त्यातून दिसलं ते महत्त्वाचं आहे. माझ्या डोळ्यांना ‘दा’ हे एक अक्षर दिसत होतं. एडिटरला तिथं ‘द’ आणि ‘काना’ अशा दोन खुणा दिसल्या आणि त्यानं त्यांच्या मधोमध कात्री चालवली. अक्षराच्या पोटात कापायचं नाही, एवढा नियम शोधणाऱ्या भागाला शिकवलेला असता, तर निदान अहमदाबाद शाबूत राहिलं असतं.

असं कापणं सर्रास होतं. पायथन या भाषेत शब्द वेचायला जी नेहमीची खूण वापरतात, ती काना, वेलांटी आणि हलन्त यांना शब्दाचा भागच मानत नाही. तिला अहिल्यानगर दिलं की चार तुकडे हाती येतात: अह, ल, य, नगर. ज्यानं हा नियम लिहिला त्याच्यासमोर मराठी नव्हती. म्हणूनच कॉम्पोनंट घडवणाऱ्याच्या टेबलावर ती पहिल्या दिवसापासून असायला हवी.

गठ्ठ्यातल्या सगळ्यात जुन्या फाइलींमध्ये तर शोधाला काहीच सापडेना. उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. त्या फाइली विशिष्ट फॉन्टसाठी लिहिलेल्या होत्या. आत रोमन अक्षरांचे आकडे, आणि फॉन्ट त्या जागी ‘अ’चा, वेलांटीचा, अर्ध्या ‘ल’चा आकार दाखवी. तो फॉन्ट नाही, तर मराठीही नाही.

पुण्यात आलेलं सूत्र

वाईट याचं वाटतं, की बरोबर वाट आपल्याकडेच आधी सापडली होती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं, भारतीय लिप्या संगणकावर आणणारं जिस्ट तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आलं. मोहन तांबे हे त्यातलं प्रमुख नाव. त्यांच्या कामाचं सूत्र एका वाक्यात मावतं: साठवायचं ते अक्षर, त्याचा आकार नव्हे. वेलांटी पडद्यावर ‘ह’च्या आधी दिसते, पण उच्चारात ती ‘ह’च्या नंतर आहे, म्हणून साठवताना ‘ह’ आधी आणि वेलांटी नंतर. जोडाक्षरासाठी वेगळा आकडा नाही. ल, हलन्त, य असं ओळीनं ठेवायचं आणि ‘ल्य’ कसा काढायचा ते काढणाऱ्यावर सोपवायचं. याच सूत्रावरची इस्की ही संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. जगभरच्या लिप्यांना आकडे देणाऱ्या युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता तिच्या १९८८ च्या आराखड्यावरून बेतलेला आहे.

तरीही नव्वदच्या दशकात छपाईच्या सॉफ्टवेअरना जोडाक्षरं जुळवता येत नव्हती, म्हणून आकार साठवणारे फॉन्ट घरोघर पसरले आणि वर्षानुवर्षांचा मराठी मजकूर त्यांच्यात अडकून बसला. विंडोज २००० पासून जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणा सिस्टिममध्येच आली. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. तेव्हापासून आकार फॉन्टकडे राहिला आणि मजकूर मोकळा झाला.

मजकूर वेगळा आणि त्याचं रूप वेगळं, हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे हात बदलले, शाई बदलली, कागद बदलला आणि नकलांमध्ये पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ती शुद्ध केली. त्यांनी हस्ताक्षर सुधारलं नाही, ओवी सुधारली. ओवी हस्ताक्षरापासून वेगळी काढता येते, म्हणूनच ती सातशे वर्षं टिकली. सिंटिलाचा गाभा आणि त्याचा पातळ थर यांच्यातलं अंतर मला याच जातीचं वाटतं.

शेतकऱ्यांचा र

साठवण अक्षराची झाली, तरी एक पेच राहतोच. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द प्रत्येक अहवालात असणार. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहितात. एका रीतीत खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारी एक सांधणारी खूण. पहिल्या रीतीनं हा शब्द ११ खुणांचा होतो, दुसऱ्या रीतीनं १२. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण एका रीतीनं टाइप करून शोधलं, तर दुसऱ्या रीतीचे शेतकरी सापडत नाहीत. ‘ॲ’चंही तसंच. त्याला २००८ मध्ये स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीच्या मजकुरात तो ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेला असतो.

चांगल्या कॉम्पोनंटनं शोधताना ही रूपं एक मानावीत, पण मूळ मजकुरात परस्पर बदल करू नये. ‘न दिसणारी खूण काय कामाची’ म्हणून ती काढून टाकणारे प्रोग्राम मी पाहिले आहेत. ती गेली की अर्ध्या ‘र’चा रफार होतो आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेला निरोप ‘आचार्यांना’ जातो. स्वयंपाकाच्या माणसाचं काम प्राध्यापकाच्या नावावर लागतं. मराठीत या एका खुणेवर अर्थ उभा असतो.

कर्सर कुठं थांबतो

उरतो तो कर्सर. बाणाची कळ दाबली की तो ‘ल्या’ एका उडीत ओलांडून गेला पाहिजे, कारण वाचणाऱ्यासाठी ते एक अक्षर आहे. पण बॅकस्पेस दाबला की सगळा ‘ल्या’ जाऊन चालत नाही. काना चुकला असेल तर फक्त काना जावा, ‘ल्य’ राहावा. एकाच जागी दोन कळांनी दोन वेगवेगळी मापं धरायची. बाणाला सहा अक्षरांचं माप, बॅकस्पेसला दहा खुणांचं, आणि फाइल लिहिताना तीस बाइटचं. मराठी लिहिणाऱ्याच्या बोटांना हे सवयीनं माहीत असतं. कॉम्पोनंटला ते शिकवावं लागतं.

ही शिकवण किती उशिरा पोचली बघा. अक्षरांच्या सीमा ठरवणाऱ्या युनिकोडच्या सर्वसाधारण नियमानुसार ‘ल्या’ दोन तुकड्यांत मोडत असे, ‘ल्’ आणि ‘या’. देवनागरीचं जोडाक्षर अखंड धरणारा नियम आला २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. त्याच वर्षीच्या ३१ मे रोजी, अहिल्याबाईंच्या जयंतीला, चौंडीत जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली होती.

म्हणून नवा एडिटर हाती आला की मी एकच परीक्षा घेतो, आणि नगरच्या कॉलेजांमधून सॉफ्टवेअर शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांनीही ती घ्यावी असं मनापासून वाटतं. फोनवर, विंडोजवर, लिनक्सवर, तिन्हीकडे तोच एडिटर उघडायचा. अहिल्यानगर लिहायचं. बाणानं मागे येत पावलं मोजायची. ती सहाच भरली पाहिजेत. मग ‘ल्या’च्या पुढे थांबून एकदा बॅकस्पेस. काना जातो, ‘अहिल्यनगर’ उरतं. काना परत टाकायचा, फाइल जतन करायची आणि दुसऱ्या यंत्रावर उघडायची. तिथंही नाव तसंच्या तसं दिसलं, की बाकीचं सगळं लिहायला मी त्या एडिटरवर विश्वास टाकतो.