गिरकी घेणारा कर्णा

गिटारच्या पेडलांवर लिहा, असे सांगताना संपादकांनी एक अट घातली. 'रोटरी' म्हणून विकले जाणारे पेडल नेमके कशाची नक्कल करते, हे वाचकाला आधी कळले पाहिजे. अट रास्त आहे. डिले म्हणजे प्रतिध्वनी, डिस्टॉर्शन म्हणजे फाटलेला आवाज, हे कानाला लगेच उमगते. रोटरी पेडल मात्र एका लाकडी कपाटाचे सोंग घेते, आणि ते कपाट आपल्याकडे फार थोड्यांनी उघडून पाहिले असेल.

कपाटाचे नाव लेस्ली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात डोनाल्ड लेस्ली लॉस एंजलिसच्या बार्कर ब्रदर्स या दुकानात हॅमंड ऑर्गनची कामे बघत. दुकानाच्या प्रशस्त दालनात हा विजेवरचा ऑर्गन भरदार वाजे; तोच घरच्या खोलीत आणला की कोरडा, सपाट. चर्चमधल्या पाइप ऑर्गनचा आवाज शेकडो नळ्यांतून, वेगवेगळ्या जागांवरून येतो. इथे सगळे एका जागी खिळलेल्या लाउडस्पीकरमधून. मग आवाजाची जागाच हलवली तर? १९४० च्या दशकारंभी त्यांचे फिरते यंत्र तयार झाले. लॉरेन्स हॅमंड यांनी ते नाकारले, आणि पुढे आपल्या विक्रेत्यांना लेस्ली ठेवायलाही मनाई केली. तरी ऑर्गन घेणारे लेस्ली मागतच राहिले. पुढचा इतिहास मालकीहक्काचा आहे: लेस्लींची पॅसडीनाची कंपनी १९६५ साली सीबीएसने घेतली, १९८० साली चक्क हॅमंडनेच, आणि आता दोन्ही नावे जपानच्या सुझुकीकडे आहेत.

आवाज फिरवून त्यात कंप आणायचा, ही कल्पना त्याआधीचीही होती. आपल्या संगीत नाटकांत पायपेटीचा जो ऑर्गन वाजे, त्या जातीच्या अनेक परदेशी बाजांत 'व्हॉक्स ह्युमाना' नावाची एक खुंटी असे. ती ओढली की सुरांच्या वर बसवलेली पुठ्ठ्याची पट्टी भात्याच्या हवेवर गरगरू लागे आणि आवाज थरथरे. लेस्लीने हाच विचार वीज, लाउडस्पीकर आणि पट्टे घेऊन पार टोकाला नेला.

त्यांचे १२२ आणि १४७ हे दोन नमुने सर्वांत नावाजलेले. आत चाळीस वॉटचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. त्यातून निघालेला आवाज ८०० हर्ट्झला दुभंगतो. वरचा भाग एका कर्ण्यात जातो. कर्ण्याला तोंडे दोन दिसतात, पण त्यातले एक मुके, केवळ तोल सांभाळायला. खालचा भाग खाली तोंड केलेल्या पंधरा इंची स्पीकरमधून लाकडी ढोलात पडतो आणि ढोलाच्या वळणदार पोटातून बाहेर फेकला जातो. कर्णा एका दिशेने फिरतो, ढोल उलट दिशेने.

कर्ण्याचे तोंड आपल्याकडे येते तेव्हा सूर किंचित चढतो, दूर जाते तेव्हा उतरतो. ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेला हा नियम १८४५ साली हॉलंडमध्ये बाउइस बॅलट यांनी आगगाडीवर तुतारीवाले बसवून पडताळला होता. पण लेस्लीचा आवाज म्हणजे नुसता डॉप्लर नव्हे. तोंड समोर आले की आवाज मोठा आणि टोकदार होतो, पाठ फिरली की मऊ आणि दबका. शिवाय कपाटाच्या भिंतींवरून परतलेले आवाज त्यात मिसळतात. सूर, जोर आणि पोत एकाच फेरीत बदलतात, तेही एकाच वेळी कळस न गाठता.

मला या सगळ्यात गुंतवून ठेवले ते मोटारींनी. रोटर दोन, पण मोटारी चार. प्रत्येक रोटरला एकावर एक रचलेल्या दोन: मोठी जलद गतीची, छोटी मंद गतीची. मंद गती निवडली की छोट्या मोटारीत वीज येते, चुंबकाच्या ओढीने तिचा दांडा स्प्रिंगला न जुमानता सरकतो आणि मोठ्या मोटारीच्या रबरी कडेच्या चाकाला जाऊन टेकतो. ते चाक घासत घासत फिरवणे, एवढेच तिचे काम. जलद गती निवडली की छोटी गप्प होते, दांडा मागे पडतो आणि मोठी मोटार पट्टा खेचू लागते. साध्या १२२ मध्ये वेगळा ब्रेक नाही. रबर झिजले, पट्टा सैल झाला, तेल वाळले, तर गतीचे वळण बदलते. म्हणून कोणतीही दोन जुनी लेस्ली तंतोतंत सारखी वाजत नाहीत.

मंद गतीत मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या. जलद गतीत कर्णा चारशेच्या आसपास, ढोल थोडा मागे. हे आकडे कुठल्याही पेडलला सहज जमतात. खरी गंमत दोहोंच्या मधली आहे. हलका कर्णा साधारण सेकंदाभरात वेग पकडतो. जड ढोलाला चार-पाच सेकंद लागतात. तेवढा वेळ वरचा आवाज घाईत आणि खालचा अजून सावकाश, अशी विसंगती चालू असते. कसलेला वादक सम येण्याआधी कळ दाबतो, म्हणजे कर्णा बरोबर समेवर उसळतो. ज्या पेडलमध्ये हे दोन वेग स्वतंत्रपणे चढत-उतरत नाहीत, ते माझ्या मते रोटरी नव्हेच. तो थोडा सजवलेला कोरस.

गिटारवाल्यांनी हे कपाट ऑर्गनवाल्यांकडून पळवले. बीटल्सनी १९६६ साली 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये जॉन लेननचा गळाच लेस्लीतून काढला. सीबीएसच्याच पंखाखाली आलेल्या फेंडरने १९६७ साली गिटारसाठी व्हायब्राटोन आणला: दहा इंची स्पीकर, त्यापुढे फिरणारा हलका फोमचा ढोल, कर्णा नाहीच. स्टीव्ही रे व्हॉनच्या 'कोल्ड शॉट'मधला डुलणारा आवाज याचा. जपानमध्ये फुमिओ मिएडा यांनी युनिव्हाइब बनवला. त्यात फिरते काहीच नाही. मधोमध एक लुकलुकणारा छोटा दिवा आणि भोवती प्रकाशाला दाद देणारे चार रोधक. तो रोटरीची नक्कल म्हणून खपला, पण हेंड्रिक्सच्या हाती पडल्यावर स्वतंत्र वाद्यच झाला.

म्हणून पेडल घ्यायला निघालेल्याने आधी मनातला आवाज कोणत्या पेटीचा आहे ते ठरवावे. 'कोल्ड शॉट' हवे असेल, तर दोन रोटरचे महागडे पेडल घेऊनही मन भरणार नाही. हेंड्रिक्स हवा असेल तर युनिव्हाइबच्या जातीचे घ्यावे. ऑर्गनसारखी घुमणारी कपाटभर लेस्ली हवी असेल, तरच निओ इन्स्ट्रुमेंट्सचे व्हेंटिलेटर, स्ट्रायमनचे लेक्स यांच्या रांगेत उभे राहावे.

आणि अडचणी तिथून सुरू होतात. पहिली गिटारचीच. गिटारच्या सर्वांत पातळ तारेवर पंधराव्या पडद्याचा सूर सुमारे ७८४ हर्ट्झ. म्हणजे आपण जे वाजवतो त्यातले बहुतेक मूळ सूर लेस्लीच्या ढोलात जातात; कर्ण्याच्या वाट्याला त्यांचे उपस्वर येतात. ऑर्गनवर कर्णा झळाळतो, कारण ऑर्गनकडे वरचे सूर मुबलक असतात. स्वच्छ, मऊ टोन ठेवून वाजवणाऱ्या गिटारवाल्याला तीच सेटिंग गढूळ वाटते. त्यामुळे कर्ण्याची आणि ढोलाची पातळी वेगळी ठेवता येते का, हे पाहावे. डिस्टॉर्शन या रोटरी पेडलच्या आधी ठेवावे. कर्ण्याला खायला काहीतरी मिळते.

दुसरी अडचण स्पीकरची. पेडल जे ऐकवते तो मायक्रोफोन लावून टिपलेल्या कपाटाचा आवाज असतो. तो आपण पुन्हा गिटारच्या ॲम्पमध्ये घालतो, ज्याचा बारा इंची स्पीकर वरचे सूर आधीच गाळतो. एका कपाटात दुसरे कपाट. मिक्सरमध्ये थेट जोडले की तेच पेडल उजळते. रेकॉर्डिंगसाठी घेणारा आणि मंचावर घेणारा यांची निवड म्हणूनच वेगळी पडते, आणि एकाने केलेली शिफारस दुसऱ्याच्या फारशी उपयोगाची नसते.

तिसरी सर्वांत खोडकर. खऱ्या कपाटाशेजारी उभे राहिले की आवाज खोलीभर फिरतो. पेडल दोन काल्पनिक मायक्रोफोन धरून डावे-उजवे असे दोन आउटपुट देते, आणि प्रात्यक्षिके जवळजवळ नेहमी या दोन्हींवर, हेडफोनवर ऐकवली जातात. घरी बहुतेकांकडे ॲम्प एकच. दोन्ही बाजू एकात मिसळल्या की काही सूर परस्परांना खोडतात आणि फिरण्याऐवजी नुसती धडधड उरते. काही पेडल एकाच आउटपुटसाठी वेगळा हिशेब करतात, काही नुसती बेरीज. दुकानात एक कॉर्ड लांबवून मंदावरून जलद गतीला जा, ढोल मागे रेंगाळतो का ते ऐका, परत मंदावर या. मग उजवीकडची केबल काढून टाका आणि तेच पुन्हा वाजवा. पैसे या दुसऱ्या आवाजाचे द्यायचे आहेत.