खांदे भरलेला आंबा

वाशीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी आली की तिला हार घालतात, फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिचा भाव छापून येतो. ती पेटी बहुतेक मोहोर लवकर यावा म्हणून कल्टार हे संजीवक घातलेल्या बागेतली असते आणि तिचं गणित आंब्यापेक्षा भावाचं असतं. ज्यांच्या परसात चार-पाच कलमं आहेत त्यांच्यामागे बाजार नाही. तरीही मार्च उजाडला की तीही माणसं अधीर होतात. पहिल्या मोहोराची फळं हाताएवढी दिसत असतात, घरातली मुलं रोज विचारतात आणि वानरांनी तर विचारणंही सोडून दिलेलं असतं.

अशा वेळी शहरातून आलेला पाहुणा हमखास म्हणतो, "राहू दे ना झाडावरच, पिकेल तेव्हा काढू." रायवळाच्या, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या गावठी आंब्याच्या, बाबतीत हे शंभर टक्के खरं. रायवळ पडावा आणि आपण तो उचलावा. हापूस मात्र झाडावर पिकू दिला की साक्याची भीती वाढते. साका म्हणजे वरून फळ देखणं, सुवासिक. कापल्यावर बाठ्याजवळचा गर पांढरट, भुसभुशीत, आंबूस. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही, ही त्यातली खरी फसवणूक. बेंगळूरुच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतल्या अभ्यासातून याचा संबंध बाठ्याशी लागला: फळ झाडावर असतानाच आतलं बी रुजण्याच्या तयारीला लागतं आणि त्याची झळ भोवतीच्या गराला बसते. तापलेल्या जमिनीची धगही साका वाढवते, म्हणून जाणते लोक कलमाखालचा पालापाचोळा झाडून नेत नाहीत. मला तर स्वच्छ झाडलेली बाग पाहिली की धास्तीच वाटते.

म्हणजे हापूस काढायचा तो हिरवा, पण पुरता भरलेला. कोकणात याला 14 आणे तयार म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या भाषेत 85 टक्के पक्व. सोळातले उरलेले दोन आणे आढीत, गवताच्या थरांत, भरून निघतात, कारण भरलेल्या फळातल्या पिठाची साखर व्हायला झाडाची गरज लागत नाही. कोवळ्या फळात मुळात ते पीठच अपुरं असतं. असं फळ पिवळं होईल, मऊ होईल, गोड होणार नाही.

ओळखायचं कसं, तर सगळ्यात आधी खांद्यांकडे पाहायचं. कोवळ्या आंब्याचे खांदे देठापासून खाली उतरलेले असतात. फळ भरत जातं तसे ते वर येतात, देठाच्या पातळीला लागतात, मग त्याच्याही वर जातात आणि देठ खळग्यात बसल्यासारखा दिसतो. गाल फुगतात. गडद हिरवा रंग थोडा फिका पडतो, सालीवरचे बारीक ठिपके उठून दिसू लागतात. एका बाजूला चढलेल्या लालीवर मात्र अजिबात जाऊ नये; ती उन्हाची करामत असते आणि कोवळ्या फळावरही चढते. फारच शंका आली तर एक फळ कापावं. बाठा सुरीला दाद देत नसेल आणि त्याच्यालगतचा गर पांढऱ्याचा पिवळसर झाला असेल, तर त्याच्या जोडीची फळं तयार आहेत.

जोडीची, सगळी नव्हेत. हापूसला मोहोर एकदाच येत नाही. पावसाळा सरल्यावर थोडा, थंडी पडल्यावर बराच, कधी जानेवारी-फेब्रुवारीतही. फळ धरल्यापासून तयार व्हायला साधारण चार महिने लागतात, त्यामुळे एकाच फांदीवर काढणीचा आंबा आणि सुपारीएवढी कैरी शेजारी-शेजारी लोंबते. आमच्याकडे काढणीला येणारे काका झाडाखाली बराच वेळ नुसते मान वर करून फिरतात. "ह्यो आज, तो गुढीपाडव्याला," एवढंच बोलतात. सरसकट झाड उतरवून मोकळं व्हायची घाई करणाऱ्याने पहिल्या तोडीच्या वाटेला जाऊच नये.

काढणी सकाळी ऊन चढायच्या आत. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, फळ देठासकट काढायचं, बोटाच्या दोन पेरांएवढा देठ ठेवून. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि कूज बऱ्याचदा देठाकडूनच सुरू होते. आपटलेलं फळ वेगळं ठेवायचं, ते आढीतल्या इतरांनाही बिघडवतं.

घरी आणल्यावर पाण्याची परीक्षा घेता येते. तयार आंबा साध्या पाण्यात बुडतो. जो तरंगतो तो कोवळा. मग बुडालेले आंबे लिटरला 25 ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात सोडायचे. तिथेही तळ गाठणाऱ्या फळात साक्याची शक्यता जास्त, तरंगणारी बिनधास्त आढीत लावायची. खात्री अर्थात कापल्यावरच. घरगुती काढणीत एवढा खटाटोप फारसं कोणी करत नाही, पण भेट म्हणून पेटी पाठवायची असेल तर जरूर करावा.

आढीत आठ-दहा दिवसांनी निकाल लागतो. चौदा आण्यांचे आंबे अंगाने घट्ट राहून केशरी होतात. लोभापायी काढलेले कोवळे सुरकुततात, त्यांची साल चामड्यासारखी होते. अशांचा रस काढून, साखर जरा सढळ हाताने घालून आटवतात, आणि तो कोणत्या झाडाचा हे पाहुण्यांना सांगत नाहीत.