एक देश, एक मत

१० मे २०११. त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन, हयात रीजन्सी हॉटेल. कॅरिबियन बेटांवरच्या फुटबॉल संघटनांचे पदाधिकारी मोहम्मद बिन हम्माम यांचं म्हणणं ऐकायला जमले होते. आशियाई महासंघाचे अध्यक्ष असलेले कतारचे हे गृहस्थ फिफाच्या अध्यक्षपदासाठी तेव्हाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांच्याविरुद्ध उभे होते. त्या दिवशी पदाधिकाऱ्यांना निरोप मिळाला की एका खोलीत तुमच्यासाठी भेट ठेवली आहे, एकेकाने येऊन न्यावी. बहामाच्या संघटनेचे उपाध्यक्ष फ्रेड लन तिथे गेले, तेव्हा त्यांच्या हाती देशाचं नाव लिहिलेलं बंद पाकीट आलं. आत शंभर डॉलरच्या नोटांच्या चार थप्प्या, एकूण ४० हजार डॉलर. लन यांनी आपल्या अध्यक्षांना कळवलं आणि दोघांचं ठरलं, फोटो काढायचा आणि पैसे परत करायचे.

दुसऱ्या दिवशी कॅरिबियन संघटनेचे सर्वेसर्वा जॅक वॉर्नर बैठकीत भडकलेले होते. ही बाब बाहेर गेलीच कशी, हा त्यांचा राग. त्यांच्या बोलण्याची चित्रफीत पुढे बाहेर आली. ज्यांना फार सोवळं पाळायचंय त्यांनी खुशाल चर्च काढावं, आपला व्यवहार आपल्यातच राहायला हवा, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता.

हिशेब साधा होता. फिफाची तेव्हा २०८ मतं होती आणि त्यांतली २५ कॅरिबियनमधली. प्रत्येकी ४० हजार धरले तर २५ मतांना दहा लाख डॉलर. ज्या संस्थेची २००७ ते २०१०ची कमाई ४१८ कोटी डॉलर होती, तिच्या अध्यक्षपदासाठी ही रक्कम किरकोळच. फिफाचा भ्रष्टाचार म्हटलं की कोट्यवधींचे आकडे आणि आलिशान हॉटेलं डोळ्यांपुढे येतात. पण ही संस्था चालते कशी, हे समजून घ्यायचं तर या स्वस्त मतापासून सुरुवात करावी लागते.

मतांचं गणित

फिफाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे सर्वसाधारण सभेत, प्रत्येक सदस्य संघटनेला एक मत असतं. सध्या सदस्य २११ आहेत. पाच वेळा विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलला एक मत, आणि ज्वालामुखीने अर्धं बेट गिळल्यावर जेमतेम पाच हजार वस्ती उरलेल्या माँटसेराटलाही एकच. तत्त्व म्हणून यात वावगं काही नाही. उलट, युरोपातल्या मूठभर श्रीमंत संघटनांनी जगाचा खेळ आपल्या तालावर नाचवू नये, यासाठी ते हवंच. पण महाराष्ट्रात जिल्हा मध्यवर्ती बँकेची निवडणूक जवळून पाहिलेल्या माणसाला त्याची दुसरी बाजू समजावून सांगावी लागत नाही. सोसायटी हजार सभासदांची असो की शंभराची, ठराव एकाच्याच नावाचा; आणि मतदानाआधीचे काही दिवस ठरावधारक गावात सापडत नाहीत.

हे गणित पहिल्यांदा पुरतं ओळखलं ते ब्राझीलच्या जोआओ हॅवेलाँज यांनी. १९०४मध्ये पॅरिसमध्ये सात युरोपीय देशांनी स्थापन केलेली फिफा सत्तर वर्षं युरोपच्या वळणाने चालली. इंग्लंडचे माजी पंच सर स्टॅन्ली रूस १९६१पासून अध्यक्ष होते. खेळाचे नियम नव्याने लिहून काढणारा हा माणूस प्रचार करणं कमीपणाचं मानणारा. शिवाय वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला सांभाळून घेण्याच्या भूमिकेमुळे त्यांनी आफ्रिकेची मतं आधीच घालवली होती. हॅवेलाँज मात्र देशोदेशी फिरले. विश्वचषकात १६ऐवजी २४ संघ, कुमारांसाठी वेगळी स्पर्धा, गरीब संघटनांना मैदानं आणि प्रशिक्षक, अशी आश्वासनं त्यांनी वाटली. जून १९७४मध्ये फ्रँकफर्टला दुसऱ्या फेरीत ते ६८ विरुद्ध ५२ मतांनी निवडून आले.

आश्वासनं त्यांनी पाळली, हे विसरून चालणार नाही. १९७७मध्ये ट्युनिशियात पहिली कुमार विश्वचषक स्पर्धा झाली, १९८२मध्ये संघ २४ झाले. आफ्रिका आणि आशियाला विश्वचषकाचं दार रुंद झालं ते हॅवेलाँज यांच्या काळात. पण या सगळ्याला पैसा हवा होता आणि रूस यांच्या फिफाची तिजोरी अगदीच बेताची होती.

हक्कांची विक्री

पैशाची वाट दाखवली आदिदासच्या घराण्यातल्या होर्स्ट डासलर यांनी. विश्वचषकाचे जाहिरातीचे आणि प्रक्षेपणाचे हक्क घाऊक विकायचे, मधल्या कंपनीने ते किरकोळीने कोका-कोलासारख्या बड्यांना द्यायचे, असा हा धंदा. त्यासाठी डासलर यांनी १९८२मध्ये आयएसएल ही कंपनी काढली. हक्क कोणाला आणि किती किमतीला द्यायचे हे फिफाची मोजकी माणसं ठरवणार, आणि त्या किमतीत नि बाजारभावात मोठी तफावत असणार. दलालीला याहून पोषक जमीन नाही.

आयएसएल २००१मध्ये बुडाली तेव्हा दप्तरं उघडावी लागली. लिख्टेनश्टाइनमधल्या न्यासांच्या आडून वाटलेली सुमारे १४ कोटी स्विस फ्रँकची रक्कम त्सूग इथल्या न्यायालयात समोर आली. स्विस न्यायालयाने २०१२मध्ये खुल्या केलेल्या कागदपत्रांनुसार हॅवेलाँज यांना किमान १५ लाख आणि त्यांचे एकेकाळचे जावई, ब्राझीलच्या संघटनेचे प्रमुख रिकार्डो तेशेरा यांना किमान १ कोटी २७ लाख फ्रँक मिळाले होते. या कागदांमधला एक तपशील फार बोलका आहे. हॅवेलाँज यांच्यासाठी निघालेली एक रक्कम चुकून थेट फिफाच्याच खात्यात जमा झाली. म्हणजे कार्यालयात हे ठाऊक होतं. तेव्हा सरचिटणीस होते ब्लाटर. त्यांचा खुलासा असा की त्या काळी अशी देणी व्यवसायाचा खर्च म्हणून करातून वजासुद्धा करता येत.

खुलासा संतापजनक होता, पण कायद्याने चूक नव्हता. खासगी संस्थेतल्या माणसाला लाच देणं हा स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा गुन्हाच नव्हता. झुरिकची फिफा स्विस कायद्याच्या दृष्टीने एक मंडळ आहे, गावातल्या भजनी मंडळासारखंच नोंदलेलं. भागधारक नाहीत, शेअर बाजाराचा धाक नाही. खासगी क्षेत्रातली लाचखोरी कोणाच्याही तक्रारीशिवाय दाखल करता येईल असा स्वतंत्र गुन्हा व्हायला २०१६ उजाडलं.

ब्रुकलिनची नोटीस

म्हणून कायदा आला तो अटलांटिकपलीकडून. उत्तर आणि मध्य अमेरिका व कॅरिबियनच्या महासंघाचे, म्हणजे कॉन्ककॅफचे सरचिटणीस चक ब्लेझर न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये कार्यालय थाटून होते. महासंघाच्या जाहिरात आणि प्रक्षेपण करारांवर त्यांना दहा टक्के मिळत. त्याच इमारतीत त्यांच्या मांजरांसाठी वेगळी सदनिका असल्याच्या बातम्या पुढे गाजल्या. पोर्ट ऑफ स्पेनच्या पाकिटांची तक्रार वर पोहोचवली ती याच ब्लेझर यांनी. पण कित्येक वर्षं त्यांनी स्वतः आयकराचं विवरणपत्रच भरलेलं नव्हतं. २०११च्या अखेरीस एफबीआय आणि आयकर खात्याच्या माणसांनी त्यांना रस्त्यातच गाठलं, आणि ते माफीचे साक्षीदार झाले. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी किल्लीच्या जुडग्यात ध्वनिमुद्रक लपवून ते जुन्या सहकाऱ्यांना भेटले.

२७ मे २०१५च्या पहाटे झुरिकच्या बाउर ओ लाक हॉटेलात साध्या वेशातले पोलीस शिरले आणि काँग्रेससाठी जमलेल्या सात पदाधिकाऱ्यांना घेऊन गेले. छायाचित्रकारांना चेहरे दिसू नयेत म्हणून हॉटेलचे कर्मचारी पलंगावरच्या चादरी धरून उभे होते. त्याच दिवशी ब्रुकलिनमध्ये अमेरिकेच्या महान्यायवादी लोरेटा लिंच यांनी १४ जणांवरचं आरोपपत्र वाचून दाखवलं. दोन पिढ्यांचे पदाधिकारी, १५ कोटी डॉलरहून जास्त लाच, आणि लावलेला कायदा संघटित गुन्हेगारीचा. व्यवहार डॉलरमध्ये आणि अमेरिकी बँकांतून झाले होते, तेवढा धागा फिर्यादीला पुरला.

आरोपपत्राचा मोठा भाग विश्वचषकाबद्दल नव्हताच, हे बऱ्याच जणांच्या लक्षात आलं नाही. तो होता कोपा अमेरिकासारख्या स्पर्धांच्या हक्कांबद्दल. दक्षिण अमेरिकेतल्या दलाल कंपन्या महासंघाच्या अध्यक्षांना दर स्पर्धेमागे ठरलेली रक्कम पोहोचवत, आणि हक्क कमी भावात पदरात पाडून घेत. नुकसान व्हायचं ते त्या त्या देशातल्या क्लबांचं आणि खेळाडूंचं. २०१७मध्ये पॅराग्वेचे हुआन आंखेल नापूत आणि ब्राझीलचे जोझे मारिया मारिन दोषी ठरले, पेरूचे मान्युएल बुर्गा निर्दोष सुटले. वॉर्नर यांनी आरोप नाकारले, आणि अमेरिकेच्या न्यायालयात ते कधी उभे राहिले नाहीत.

ब्लाटर यांचं काय झालं? झुरिकमधल्या अटकसत्रानंतर दोनच दिवसांनी ते १३३ विरुद्ध ७३ मतांनी पाचव्यांदा निवडून आले. ज्यांना मैदानासाठी, कार्यालयासाठी, बससाठी त्यांनी पैसे दिले होते, त्यांना झुरिकच्या चादरींशी काही देणंघेणं नव्हतं. चार दिवसांत ब्लाटर यांनी पद सोडायची घोषणा केली. युरोपीय महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मिशेल प्लॅटिनी यांना २०११मध्ये दिलेल्या २० लाख फ्रँकवरून फिफाच्या नीतिमत्ता समितीने दोघांवर बंदी घातली. फौजदारी खटल्यात मात्र स्विस न्यायालयाने दोघांना २०२२मध्ये आणि अपिलात पुन्हा २०२५मध्ये निर्दोष ठरवलं. आणि लाचेच्या जप्त पैशांतून अमेरिकेने २०२१मध्ये जे २० कोटी डॉलर परत द्यायचे ठरवले, ते कोणाला? फिफाला आणि तिच्या दोन महासंघांना. कायद्याच्या लेखी संस्था ही पीडित होती.

भारताच्या दारात

या यंत्राचा एक दात आपल्यालाही लागलेला आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची मुदत डिसेंबर २०२०मध्ये संपली, पण निवडणूक लांबत गेली. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारभार प्रशासक समितीकडे सोपवला. फिफाच्या घटनेत सदस्य संघटनेवर त्रयस्थाचा प्रभाव चालत नाही, मग तो त्रयस्थ सरकार असो की न्यायालय. ऑगस्टच्या मध्यावर फिफाने भारताला निलंबित केलं. आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या मुलींना एकही सामना न खेळता परतावं लागलं. समितीचा कारभार संपताच २६ ऑगस्टला निलंबन उठलं, आणि ऑक्टोबरमध्ये मुलींची १७ वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत पार पडली.

हुकूमशहांनी संघटना बळकावू नयेत, यासाठी हा नियम लागतोच. पण त्याची दुसरी धारही आहे. मुदत उलटून दीड वर्ष खुर्चीवर राहणाऱ्यांविरुद्ध फिफाने निलंबनाचं हत्यार उगारलं नाही. ते उगारलं न्यायालयाने हात घातल्यावर. देशातल्या कोणाला हिशेब विचारायचा असेल तर मुलींच्या स्पर्धेची किंमत मोजायची तयारी हवी. संघटना झुरिकला उत्तरदायी, आणि झुरिकचे अध्यक्ष त्याच संघटनांच्या मतांवर निवडून येणार. या वर्तुळात बाहेरच्या माणसाला जागा नाही.

कायदेशीर उदारपणा

फेब्रुवारी २०१६मध्ये जियानी इन्फॅन्टिनो सुधारणांची भाषा करत अध्यक्ष झाले. काही सुधारणा खऱ्या आहेत. विश्वचषकाचं यजमानपद आता बावीस-चोवीस जण बंद दाराआड ठरवत नाहीत. २०२६ची निवड काँग्रेसने केली, आणि कोणी कोणाला मत दिलं हे जाहीर झालं. पण २०१६च्या निवडणुकीत इन्फॅन्टिनो यांचं सर्वात टाळ्या मिळवणारं वचन होतं चार वर्षांत प्रत्येक संघटनेला ५० लाख डॉलर. ही रक्कम वाढत वाढत २०२३ ते २०२६साठी ८० लाखांवर गेली. विश्वचषकाचे संघ ४८ झाले. २०१७मध्ये नीतिमत्ता समितीच्या दोन्ही प्रमुखांना, चौकशा चालू असताना, मुदतवाढ नाकारण्यात आली. २०३४च्या विश्वचषकासाठी सौदी अरेबिया हा एकमेव दावेदार उरला, आणि डिसेंबर २०२४मध्ये सभेने टाळ्यांच्या गजरात मान्यता दिली.

यात लाच कुठेही नाही. ८० लाखांचा हिशेब तपासला जातो, त्यातून खरोखर मैदानं होतात, मुली खेळायला लागतात. पण निवडणुकीच्या गणितात हा पैसा काय करतो ते पाहावं. देणारा एक, घेणारे २११, आणि घेणाऱ्यांच्याच मतांवर देणाऱ्याची खुर्ची. पोर्ट ऑफ स्पेनला जे चोरून घडलं, ते आता अंदाजपत्रकात मंजूर होऊन घडतं. न्यायालय त्याला हात लावू शकत नाही आणि लावूही नये. कारण हा गुन्हा नाही, ही संस्थेची रचना आहे. इन्फॅन्टिनो यांच्याविरुद्ध २०१९मध्ये कोणी उभं राहिलं नाही, २०२३मध्येही नाही.

२०१६च्या सुधारणांत एक कलम होतं की अध्यक्षाला चार-चार वर्षांच्या तीनच मुदती. डिसेंबर २०२२मध्ये फिफाच्या कौन्सिलने त्याचा अर्थ लावला की इन्फॅन्टिनो यांची पहिली तीन वर्षं, ब्लाटर यांच्या उरलेल्या मुदतीतली असल्याने, मोजायची नाहीत. त्यामुळे २०२७ची निवडणूक लढवायला ते मोकळे आहेत. भ्रष्ट माणसं पकडून संस्था सुधारते, अशी २०१५मध्ये अनेकांची समजूत होती. पकडलेली माणसं गेली, काही तुरुंगातही गेली. मदतीचा पैसा वाटणारा हात आणि मतं मागणारा हात जोवर एकाच माणसाचे आहेत, तोवर अध्यक्ष कोण हा प्रश्न दुय्यमच राहील.